तपकिरी कोटाचा मालक

७ जानेवारी, मंगळवार. सकाळी, चहा झाल्यावर.

आधी चष्मा शोध, बाई. डोक्यावर आहे. काल टेबलाखाली शोधलास, परवा माझी उशी उलटी केलीस, तेव्हाही तो डोक्यावरच होता. एवढी वर्षं कोर्टात बसून लोकांच्या जबान्या टाइप केल्यास म्हणे. आरोपी कोण आणि वकील कोण, हे तरी संध्याकाळपर्यंत लक्षात राहायचं का?

हेही टाइप कर. मी बोलेन ते सगळं उतरवायचं असं ठरलंय, तुझ्याविरुद्ध असलं तरी.

ही वही कुणासाठी नाही. सांगणारीला वाचता येत नाही, लिहिणारीला आठवत नाही. यापेक्षा पक्की तिजोरी कुठल्या बँकेत नसेल.

सुरू करण्याचं कारण. नात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मानसशास्त्र आणि समाजशास्त्र. एका विषयात माणूस एकटा असताना कसा बिघडतो ते शिकवतात, दुसऱ्यात चारचौघांत कसा बिघडतो ते. तीन वर्षं लागतात. मी लॉन्ड्रीच्या काउंटरला एकेचाळीस वर्षं उभी होते. शर्ट कॉलरला मळलाय की कोपराला, एवढं बघून माणूस कसा आहे ते सांगायचे. तीन मिनिटं लागायची.

तर तिचा प्रोजेक्ट आहे आणि त्यात मी प्रयोज्य. ज्याच्यावर प्रयोग करायचा तो प्रयोज्य. पूर्वी उंदीर असायचे, आता आजी. सात शनिवार ती मला प्रश्न विचारणार. त्यासाठी एका कागदावर अंगठा घेतला. संमतीपत्र. वाचून दाखवते म्हणाली. मी म्हटलं, कागद तू वाच, मी माणूस वाचते. तिच्या चेहऱ्यावर सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. मागे सूनबाई उभी होती, तिच्या चेहऱ्यावर तर ठळक अक्षरात.

काय लिहिलेलं होतं ते सांगते. म्हातारीची स्मरणशक्ती गेली, असं कॉलेजच्या शिक्क्यानिशी सिद्ध करायचं. शिक्का मिळाला की आधी माझी गॅसची शेगडी जाणार, मग या खोलीची किल्ली. मग मी वरच्या मजल्यावर, सूनबाईच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून, तिच्या हातचं अळणी खात मरणाची वाट बघणार. लॉन्ड्री बंद होऊन सहा वर्षं झाली, पण दुकानामागची ही खोली माझी आहे आणि शेगडीही माझी आहे.

निश्चय. प्रोजेक्ट पाडायचा. शनिवारी इतकी चुकीची उत्तरं द्यायची की कॉलेजातल्या मॅडम म्हणतील, पोरीने घरी बसून मनाने लिहिलंय, नापास.

खरी उत्तरं मात्र दर शनिवारी इथे नोंदवायची. वेळ आली तर ही वही त्यांच्या तोंडावर फेकता येईल. तुझ्या कागदाला कोर्टात किंमत होती, इथेही असेल.

बाई मध्येच म्हणाली की काकू, चुकीची उत्तरं दिलीत तर तुम्हाला आठवत नाही असंच नाही का ठरणार? मी म्हटलं, तू टाइप कर.

११ जानेवारी, शनिवार.

पहिली परीक्षा. फत्ते.

कपाटात चोवीस कपडे आहेत, गिऱ्हाइकांनी धुवायला टाकले आणि न्यायला आलेच नाहीत असे. नातीने त्यातले आठ काढून खाटेवर मांडले.

इथे माझी पद्धत सांगून ठेवते, नंतर कुणी म्हणायला नको. बाकीचे लॉन्ड्रीवाले कपड्यावर शाईने आकडे घालायचे. मला आकडा येत नाही. मी कॉलरच्या आत दोरा शिवायचे. लाल दोरा म्हणजे चढावरचा रस्ता, निळा म्हणजे बाजार, पिवळा म्हणजे पुलाकडची गल्ली. गाठी मोजल्या की कोपऱ्यापासूनचं कितवं दार ते कळलं. गाठ नाही, नुसता फास असेल तर घरचा कपडा, गिऱ्हाइकाच्या गठ्ठ्यात जाऊ नये म्हणून. एकेचाळीस वर्षांत एक रुमाल इकडचा तिकडे झालेला नाही. नात चार वर्षांची होती तेव्हापासून तिला हे सगळं पाठ आहे, मीच शिकवलं. आता त्याच शस्त्राने मला मारायला निघाली.

आधी दोऱ्यावर पट्टी शिवून विचारलं, कपडा कुणाचा. मग पट्टी उसवून, दोरा हाताला लावून पुन्हा तेच. मी दोन्ही वेळा खोटं सांगितलं. गाठी न चाचपता दोरा नुसता बोटात धरला, तरी खोटं बोलायला जरा जड गेलं. पण जमलं.

खरी उत्तरं. पांढरा एप्रन बेकरीवाल्याचा. पट्ट्यापट्ट्यांचं जॅकेट हॉटेलातल्या वेटरचं. तपकिरी कोट घड्याळवाल्याचा, मी शाळेच्या शिपायाचा म्हणून सांगितला. बाकीचे पाच कुणाचे ते मला माहीत आहे, पण बाईचा हात दुखतोय.

कोटाच्या वेळी नात लिहायची थांबली आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. घाबरली.

१४ जानेवारी. दुपार.

आज दुधाचं पातेलं करपलं. विसरले नव्हते. पॅसेजमधल्या लोकांची नाकं शाबूत आहेत का ते बघत होते. यालाच निरीक्षण म्हणतात. बाई समोरच्या खोलीतून तिसऱ्या मिनिटाला आली, सूनबाई पाचव्या. तीही नाक वर करून.

तिने खिडकी उघडली, पातेलं भिजत घातलं आणि गेली. काही न बोलता माणसाला किती बोलता येतं हे तिच्याकडून शिकावं.

जळल्याचा वास मला काय नवा आहे. नातीचे आजोबा, आमचे हे, जाऊन एकोणीस वर्षं झाली. आयुष्यभर इस्त्रीच्या टेबलाशी उभे. एकदा स्वतःच्याच कोटाच्या बाहीवर इस्त्री ठेवून पेपर वाचत बसले. बाहीवर हा एवढा त्रिकोण. मी चार दिवस बोलले नाही. ह्यांना ते पाचव्या दिवशी कळलं. आणि तो कोट काही टाकला नाही, वर लोकांना सांगायचे की ही आमच्या दुकानाची जाहिरात.

१८ जानेवारी, शनिवार.

आठही चूक सांगितले. नात चहा न घेता गेली. प्रोजेक्ट ढासळतोय. चेहऱ्यावरून कळतं.

२२ जानेवारी. सकाळी.

त्यांनी माझा अभ्यास करायचा तर मीही त्यांचा करणार. काल नात इथे बसून मोठमोठ्याने पाठ करत होती. माणूस स्वतःला फसवायला काय काय करतो त्याची यादीच आहे पुस्तकात. आपला दोष दुसऱ्यावर ढकलणं म्हणजे प्रक्षेपण. चुकल्यावर कारणं जुळवणं म्हणजे समर्थन. डोळ्यांसमोरचं दिसत असून नाही म्हणणं म्हणजे नकार.

ऐकताना मला सूनबाईच दिसत होती. तिन्ही आहेत तिला. दवाखान्याच्या काउंटरवर सकाळभर पेशंटना बसा बसा म्हणते आणि घरी आली की मला उठा उठा. मी नातीला म्हटलं, तुझं पुस्तक तुझ्या आईवरच लिहिलंय. नात म्हणाली, आजी, हे सगळ्यांनाच लागू पडतं. मी म्हटलं, मला कुठलं लागू पडतं ते दाखव. तिने पुस्तक मिटलं. सापडलं नाही.

२५ जानेवारी, शनिवार.

तपकिरी कोट पुन्हा काढला. एकच सवाल दोनदा विचारायचा, पोलिसांची चाल. मी सांगितलं, तो पोस्टातल्या बाबूंचा.

खरं उत्तर, दाताच्या डॉक्टरचा. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. डाव्या बाहीवर इस्त्रीचा त्रिकोणी डाग आहे. दुसऱ्या कुठल्या लॉन्ड्रीत पडला असणार, आमच्याकडे असलं काम होत नव्हतं. डॉक्टर तसे नीटनेटके, पण बायकोपुढे काही चालायचं नाही, तो कोट तिनेच आणून टाकला होता.

इथे मशीन थांबलं. बाई म्हणाली, काकू, मागच्या वेळी घड्याळवाला म्हणाला होतात. मी म्हटलं, तुला काल काय जेवलीस ते आठवत नाही. म्हणे मी मागचं पान काढून बघू का? म्हटलं, मागचं पान बघायचं नाही, पुढचं टाइप करायचं.

बिचारीची स्मरणशक्ती झपाट्याने जातेय. नातीने खरं तर हिच्यावर प्रयोग करायला हवा, सांगते तिला.

३० जानेवारी.

किल्ली बाहेरून कुलपातच राहिली आणि मी बाजारात. दुपारी परतले तर दार सताड उघडं, आत सूनबाई बसलेली. राखण करतेय म्हणाली. मी म्हटलं, किल्ली मुद्दाम ठेवली होती, कोण शिरतं ते बघायला. तूच शिरलीस.

ती म्हणाली, बरं आई.

हे बरं आई ती दवाखान्यात शिकलीय. तिथे ते न बरे होणाऱ्यांना म्हणतात.

१ फेब्रुवारी, शनिवार.

माझी सूचना नातीने मनावर घेतली. बाईलाही बसवलं, तुलनेसाठी कुणीतरी लागतं म्हणे. पंधरा शब्द वाचून दाखवले आणि पाच मिनिटांनी विचारले. बाईने पंधराच्या पंधरा सांगितले, त्याच क्रमाने. कॉपी केली असणार, चष्म्याच्या काचेवर लिहून. मला चार आले. म्हणजे मी चारच सांगितले. बाकीचे राखून ठेवले.

कपडे. पांढरा एप्रन खाटकाचा, मी न्हाव्याचा म्हणून सांगितला.

मशीन पुन्हा थांबलं. मी तिच्याकडे बघितलं. सुरू झालं.

५ फेब्रुवारी. सकाळी.

नातीने आज शाईचे डाग आणले. कागदावर शाई सांडून मध्ये घडी घातलेली, असे दहा कागद. यात काय दिसतं, आजी? म्हटलं, निष्काळजीपणा दिसतो. पुन्हा नीट बघ म्हणाली. नीट बघितलं आणि सांगितलं, लिंबू नि मीठ चोळून उन्हात टाक, दोन धुण्यांत जाईल, पण हा तिसरा शिळा आहे, तो नाही जायचा. तिने ते तसंच्या तसं लिहून घेतलं. एवढे कागद खराब करून लोक डॉक्टर होतात.

समाजशास्त्राचं वेगळंच. घरात निर्णय कोण घेतं, अशी पाहणी करायची होती तिला. स्वतःच्या बापाला विचारलं. माझा मुलगा म्हणाला, तुझ्या आईला विचारून सांगतो. सर्वेक्षण तिथेच संपलं.

८ फेब्रुवारी, शनिवार.

दात दुखतो म्हणून सांगितलं आणि दहा मिनिटांत परीक्षा गुंडाळली. दुखत नव्हता. सूनबाईने वरून सूप पाठवलं. परत पाठवलं. तिच्या हातचं या खोलीत येणार नाही, हा निश्चय लिहून ठेव. तारखेसकट.

१० फेब्रुवारी.

मीठ सापडत नव्हतं. सापडलं. कुठे सापडलं ते टाइप करू नको.

१५ फेब्रुवारी, शनिवार.

तपकिरी कोट तिसऱ्यांदा. आता मला त्या कोटाची कीव येते. मी म्हटलं, हा रेल्वेतल्या गार्डचा.

खरं म्हणजे बँकेच्या मॅनेजरचा. उंच माणूस, खिशात कायम पेपर दुमडलेला. शिट्टी वाजवत यायचा. सगळं डोळ्यांसमोर आहे, तो दारात उभा आहे, हात कोटाच्या खिशात, मला म्हणतोय की चिडू नको, जाहिरात आहे ही. माणसं किती स्पष्ट आठवतात मला.

बाईने मशीनवरचे हात काढून घेतले. मग म्हणाली, काकू, ते संमतीपत्र आणा ना, मी वाचून दाखवते, त्यात नक्की काय आहे ते एकदा बघू. ही तिसरी वेळ. तो कागद मी बिस्किटांच्या डब्यात तळाला घातलाय, बिस्किटं सादळू नयेत म्हणून. तेवढंच त्याचं काम. मी म्हटलं, उंदराला मांजर साक्ष. तुला सूनबाईने फितवलंय.

तिने चष्मा काढला आणि पुसत बसली. डोक्यावर ठेवला. आता उद्या शोधेल.

२२ फेब्रुवारी, शनिवार.

सातवी आणि शेवटची. आठ कपडे, पट्टी असताना चूक, दोरा हातात असताना चूक. नातीने वही मिटली आणि आजी, थँक यू म्हणाली. आवाज बसला होता. हरलेल्या माणसाचा आवाज असाच असतो.

विजयाप्रीत्यर्थ दोन अंडी उकडली. शेगडीवर. माझ्या.

२७ फेब्रुवारी. सकाळी दहा वाजता. बाई, बस. चष्मा डोक्यावर आहे.

काल संध्याकाळी नात आली. जिन्यावर बसली, आत येईना. विचारलं तर म्हणाली, प्रोजेक्ट गेला. मनात म्हटलं, गेला म्हणजे जायलाच हवा होता. तोंडाने म्हटलं, अरेरे, काय झालं?

मॅडमनी आकडे बघितले. म्हणाल्या, दोरा झाकलेला असताना आणि दोरा हातात असताना उत्तरं सारखीच चूक आहेत, म्हणजे दोऱ्याला काही अर्थच नाही. ही पद्धत वगैरे काही नव्हे. शिवणातली नक्षी आहे, आजीने हौसेने घातलेली.

हौसेने.

माझ्या कानात नुसतं गरम पाणी ओतलं गेलं. एकेचाळीस वर्षं. तीन रस्त्यांचं कापड या बोटांनी ओळखून घरोघर गेलं, आणि पदवी घेतलेली बाई म्हणते नक्षी. तिचा एक परकर माझ्या दुकानात हरवायला हवा होता.

नात गेल्यावर बिस्किटांचा डबा उलटा केला. आता बाई तो कागद वाचतेय. थांब, सगळं टाइप कर, वाचलंस ते पण.

कागदात असं आहे. अभ्यासाचा हेतू स्मरणशक्ती तपासणं हा नाही. ज्या कारागीर बाईला अक्षरओळख नव्हती, तिने स्वतःची नोंदीची पद्धत बनवली, ती एक प्रकारची लिपीच आहे, हे दाखवणं हा हेतू. दोरा झाकला तर माणूस विसरणारच, आपण सगळेच विसरतो. दोरा हातात आला तर चूक होणार नाही, जसं वाचणारा कागद बघून चुकत नाही. प्रयोज्य ही माझी आजी आहे आणि मला ठाऊक असलेली सगळ्यात हुशार व्यक्ती आहे, अशी एक ओळ आहे. ती मॅडमनी खोडलीय, असं लिहिता येत नाही म्हणून.

खाली माझा अंगठा.

सूनबाईचं नाव कुठे आहे, विचारलं. दोनदा शोधायला लावलं. नाही. शेगडीचं? नाही.

म्हणजे लपवून लिहिलं असेल. बाई म्हणते, काकू, नाही.

२८ फेब्रुवारी.

नातीला बोलावलं आणि सांगितलं, मी मुद्दाम चुकले. सगळंच्या सगळं. तुझ्या आईला अद्दल घडवायला.

वाटलं, हसेल. ती म्हणाली, आजी, तू असं का केलंस? असं नाही विचारलं की कसं जमवलंस. मी म्हटलं, पुढच्या परीक्षेला बस म्हण तुझ्या मॅडमला, समोर. चोवीसच्या चोवीस कपडे काढ. पट्टी असताना सांगते, नसताना सांगते. खरं खरं. मग बघू नक्षी कुणाची.

तिने विचारलं, पट्टी असतानाही खरं सांगणार? म्हटलं, अगं सगळे तोंडपाठ आहेत. पुरावा आहे माझ्याकडे, टाइप केलेला.

ती म्हणाली, चुकलीस तरी चालेल, तेच तर दाखवायचंय. मला राग आला. मला कुणी चुकायची परवानगी द्यावी, इतकी वेळ आलेली नाही.

४ मार्च.

मॅडम शनिवारी येणार. नख काप, बाई, माझं उजव्या हाताचं. नीट काप, दोरा त्या बोटाने वाचते मी.

७ मार्च. शुक्रवार.

उजळणी करणार नाही. उजळणी विसरणाऱ्यांसाठी असते.

८ मार्च, शनिवार. दुपारी दोन.

मॅडम तरुण आहेत. कॉलर स्वच्छ, कोपर मळकं. टेबलावर कोपर टेकून वाचणारी. वाईट नसावी, मूर्ख आहे. सूनबाई दाराशी उभी राहिली, तिला कुणी बोलावलं नव्हतं.

पट्टी शिवलेले चोवीस कपडे. मी एकेक हातात घेतला आणि खरं खरं सांगितलं. एकही मुद्दाम चुकवला नाही. तपकिरी कोट आला तेव्हा थोडी हसलेच, म्हटलं, काय रे, पुन्हा तू. घड्याळवाल्याचा, मी सांगितलं. कारण तो घड्याळवाल्याचाच होता.

नातीने मोजलं आणि आकडा वाचला नाही. मॅडमनी वाचला. सात.

मी म्हटलं, पुन्हा मोजा.

सात.

मग पट्ट्या उसवल्या. मी डोळे मिटले. बोटाखाली लाल, दोन गाठी, चढावरचं दुसरं दार, नर्सबाईंचा गाऊन. रंग बोटाला कळत नाही, तो आधी बघून घेतला होता. निळा, पाच गाठी, बाजारातली बेकरी. पांढरा एप्रन, अर्थात बेकरीवाल्याचा. पिवळा, एक. निळा, दोन. एकदाही अडले नाही. कुणी तरी वरून वाचून दाखवत असावं असं येत गेलं. मॅडमचं पेन मागे पडायला लागलं. त्या हळूच म्हणाल्या, ही लिपी आहे. हो का, म्हटलं.

शेवटी कोट राहिला.

कॉलरच्या आत बोट घातलं. गाठ लागेना. मी दोरा या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपला. एकही गाठ नाही. नुसता फास.

खोटं बोलता आलं असतं. सात शनिवार बोलले होते. पण दोरा माझा, शिवण माझी. ते माझं अक्षर होतं. आपल्याच हातचं लिहिलेलं कसं नाकारायचं, ते पुस्तकातल्या यादीत असेल, मला येत नाही.

मी म्हटलं, घरचा.

कुणाचा, मॅडमनी विचारलं. त्यांना लिहायचं होतं.

बाही उलटी केली. त्रिकोण होता.

चोवीसपैकी चोवीस. नातीला पैकीच्या पैकी मिळतील म्हणे. नंतर तिने सांगितलं की तो कोट तिने मुद्दाम ठेवला होता, सगळ्यात सोपा म्हणून. आजी एक तरी नक्की ओळखेल, मन लागेल तिचं, म्हणून.

सूनबाईने उसवलेल्या पट्ट्या गोळा केल्या. या वेळी तिने नाकही वर केलं नव्हतं. ते मला जास्त लागलं.

९ मार्च. रविवार.

बाईला मागची पानं वाचायला लावली. चष्मा तिने स्वतः शोधला.

११ जानेवारी, घड्याळवाला. २५ जानेवारी, दाताचा डॉक्टर. १५ फेब्रुवारी, बँकेचा मॅनेजर. एप्रनचंही तसंच. खाली लिहिलंय, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

म्हटलं, तुझ्या टायपिंगच्या चुका आहेत. ती म्हणाली, हो काकू, असतील.

हो म्हणाली त्याचा जास्त राग आला. एकेचाळीस वर्षांत हिने कोर्टात असं हो म्हटलं असतं, तर निम्मं गाव सुटलं असतं. बाई म्हणते, एकेचाळीस तुमची, माझी चौतीस. बरं, चौतीस.

मग विचारलं, आणखी काय लपवलंयस? ती म्हणाली, सूनबाई नोव्हेंबरपासून रोज दुपारी, तुम्ही आडव्या झालात की खाली येते, गॅस तपासते आणि जाते. अकरा वेळा चालू होता. विझलेला, पण चालू.

चार महिने. माझ्या खोलीत, माझ्या पाठीमागे, चपला काढून.

मला हे कळलं नाही, याचा राग वेगळा. मी माणसं वाचते.

१० मार्च, सोमवार. सकाळी, चहा न घेता.

शेगडी मी स्वतः उचलून पॅसेजमध्ये ठेवली. कुणी काढून घेतली असं पुढे म्हणता येऊ नये. मुलगा न्यायला आला, विचारून नेतो म्हणाला. घेऊन जा, म्हटलं, मी सांगतेय.

किल्ली माझीच राहील. दुसरी करून सूनबाईला दिलीय. दोन्हींना निळा दोरा बांधलाय, नुसता फास. तिला त्याचा अर्थ नातीने सांगितला असेल, मी सांगणार नाही.

तपकिरी कोट कपाटात परत ठेवलेला नाही. खुर्चीवर आहे.

हे पान वेगळं काढ आणि वर नेऊन सूनबाईला दे. वाचून दाखवू नको, तिला येतं. लिही. दुपारी एकच्या आत पाठवायचं. सूप गरम असावं, उकळतं नको. आणि त्यात मीठ आहे की नाही ते चाखून बघायचं, अंदाजाने नाही. बटाटे सालासकट उकडून. अंडी दोन, पूर्ण उकडलेली, मधलं पिवळं हललं तर परत येतील. पावाच्या कडा कापू नयेत, दात आहेत मला. फळ कुठलंही चालेल, पण चिरून पाठवू नको. सुरी अजून माझ्याकडे आहे.